डोळ्याच्या सुजेसाठी मुलाचा मेंदूचा एमआरआय: चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत

एमआरआयची चिठ्ठी हातात पडली की ती घडी करून पाकिटात टाकू नका, आधी वाचा. वर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहिलं असेल आणि कारणाची ओळ कोरी असेल, तर परत केबिनमध्ये जा आणि ती ओळ भरून घ्या. मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. कागल, गडहिंग्लज, निपाणी, इचलकरंजी अशी चारी दिशांनी मुलं आमच्याकडे येतात, आणि अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर 'आय प्रॉब्लेम' एवढंच असतं. मशीन दीड टेस्लाचं असो की तीनचं, आपण विचारू तेवढंच ते सांगतं. कोऱ्या चिठ्ठीचा रिपोर्ट गुळमुळीत येतो, आणि मग तो घेऊन आईबाप तीन डॉक्टरांकडे फिरतात.

"दुखणं डोळ्याचं आणि फोटो डोक्याचा कशाला?" असं आया विचारतात. बरोबरच विचारतात. त्याचं उत्तर सूज डोळ्यात नेमकी कुठे आहे, यावर ठरतं.

सूज कुठे आहे, ते आधी विचारून घ्या

पापणीची सूज, रांजणवाडी हा आपला विषय नाही. इथे बोलायचंय ते डोळ्याच्या आतल्या सुजेबद्दल, म्हणजे युव्हायटिसबद्दल, आणि डोळ्यामागच्या नसेच्या सुजेबद्दल, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसबद्दल.

सूज फक्त पुढच्या भागात असेल, मूल लहान असेल, गुडघा किंवा घोटा सुजतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर बहुतेक वेळा संधिवाताचा संबंध निघतो. जेआयए म्हणतात तो. यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, म्हणून तर तो आजार लबाड. पण या मुलांना मेंदूच्या एमआरआयची सहसा गरज पडत नाही. अशा मुलाला कुणी एमआरआय सांगितला तर "डॉक्टर, यातून काय शोधायचंय?" असं विचारायला लाजू नका. कारण असेल तर ते सांगतील. पैशाचं एक वेळ सोडा, पण तीन वर्षांच्या पोराला भूल द्यावी लागणार असेल तर त्याचं कारण कळायलाच हवं.

सूज मधल्या भागात असली की गोष्ट बदलते. याला इंटरमिजिएट युव्हायटिस म्हणतात, कारण सापडलं नाही तर पार्स प्लॅनायटिस. डोळ्यातल्या जेलीत पेशींचे पांढरे पुंजके तरंगतात, मूल "डोळ्यासमोर माशा दिसतात" म्हणतं किंवा काहीच म्हणत नाही आणि शाळेच्या तपासणीत नजर कमी निघते. काही रुग्णांत या सुजेचा मल्टिपल स्क्लेरोसिसशी, म्हणजे एमएसशी संबंध असतो. यात मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण झिजतं. मोठ्या माणसांत तो जास्त दिसतो, मुलांत कमी. कमी असला तरी एका कारणासाठी तो तपासावा लागतो, आणि ते कारण म्हणजे औषध.

स्टिरॉइडचे थेंब आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट पुरेनासं झालं की डॉक्टर अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुचवतात. अमेरिकेत युव्हायटिससाठी ते मोठ्यांना २०१६ साली आणि दोन वर्षांपुढच्या मुलांना २०१८ साली मंजूर झालं. भारतात बनलेलं अडॅलिम्युमॅब २०१४ च्या अखेरीपासून मिळतं, त्यामुळे ते जरा आवाक्यात आलंय. हे औषध टीएनएफ नावाचं रसायन रोखतं. डोळ्याला त्याचा फायदा होतो, पण मेंदूत एमएससारखा आजार दबा धरून बसलेला असेल तर तो अशा औषधाने उसळू शकतो. १९९९ साली लेनरसेप्ट या टीएनएफ रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाची एमएसच्या रुग्णांवरची चाचणी छापून आली. औषध घेणाऱ्यांना एमएसचे झटके, म्हणजे आजार उसळण्याचे प्रसंग, जास्त आले आणि लवकर आले. तेव्हापासून सगळेच सावध झाले. म्हणून मधल्या भागाची सूज असलेल्या मुलाला ही इंजेक्शनं सुरू करायच्या आधी मेंदू एकदा बघून घेतात. चिठ्ठीवर अशा वेळी 'इंटरमिजिएट युव्हायटिस, अडॅलिम्युमॅब सुरू करण्यापूर्वी, डिमायलिनेशन (म्हणजे ते वेष्टण झिजणं) आहे का' एवढी ओळ असली की मला काय बघायचंय ते नेमकं कळतं. याच इंजेक्शनाआधी टीबीसाठी मांटूची (कातडीवरची) किंवा इग्राची (रक्ताची) तपासणी आणि छातीचा एक्स-रेही होतो. ती तपासणी वेगळी, ती विसरू नका.

मागच्या भागाची सूज असेल, म्हणजे रेटिना (डोळ्याचा मागचा पडदा) आणि त्याखालचा कोरॉइडचा थर, तर यादी लांबते. आपल्याकडे टीबी पहिल्या काही नावांत येतो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण आईच्या पोटातच झाली असेल तर रेटिनावर जुना व्रण दिसतो आणि मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, क्वचित पाणी साठलेलं. शिवाय सार्कॉइड, बेहसेट, व्हीकेएच हे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने सूज आणणारे आजार आहेतच. काही वेळा सूज वाटते ती सूज नसतेच. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) किंवा रेटिनोब्लास्टोमाही (डोळ्यातला कॅन्सर) युव्हायटिसचं सोंग घेऊन येतात. बुबुळाच्या मधोमध पांढरी झाक दिसत असेल, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक डोळा पांढरा चमकत असेल, तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. या शंकेत सीटी टाळून एमआरआय करतात, कारण रेटिनोब्लास्टोमाच्या काही मुलांच्या जनुकातच दोष असतो आणि त्यांना क्ष-किरण जितके कमी लागतील तितके बरे.

राहिली नसेची सूज. मुलाला एकाएकी दिसेनासं होतं, डोळा हलवला की दुखतो, लाल रंग फिका वाटतो. लहान मुलांत दोन्ही डोळे एकदम धरले जाणं मोठ्यांपेक्षा जास्त. इथे एमआरआय तातडीचा, आणि तोही मेंदू व डोळ्यांच्या खोबणी, दोन्हींचा.

चिठ्ठीवर कोणते शब्द हवेत

'ब्रेन' आणि 'ऑर्बिट' ही दोन वेगळी कामं आहेत. नुसत्या ब्रेनच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतात, आणि मुलाची ऑप्टिक नर्व्ह तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. ती त्यात धड दिसत नाही. नसेसाठी बारीक काप लागतात, शिवाय खोबणीतली चरबी काळी करून घ्यावी लागते, नाहीतर तिच्या पांढऱ्या झगमगाटात नसेची सूज लपते. म्हणून नसेची शंका असेल तर चिठ्ठीवर 'ब्रेन आणि ऑर्बिट, कॉन्ट्रास्टसह, फॅट सप्रेशनने' असं असावं. ऑर्बिट म्हणजे डोळ्याची खोबण, कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, त्याबद्दल पुढे. बेहसेटची शंका असेल, किंवा डोळ्याच्या तपासणीत नसेचं टोक दोन्हीकडे फुगलेलं दिसलं असेल, तर शिरांचा स्कॅन, म्हणजे एमआर व्हेनोग्राम जोडायला सांगतात.

स्टिरॉइड कधी सुरू झालं, ती तारीखही चिठ्ठीवर हवी. सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोनचे तीन-चार दिवस गेले की नसेतली चमक कमी होते, कधी पार जाते. मला ती तारीख ठाऊक नसेल तर मी 'नस नॉर्मल' लिहून मोकळी होईन, आणि ते तुमच्या मुलासाठी खोटं ठरेल. शक्य असेल तिथे स्कॅन स्टिरॉइडच्या आधी किंवा पहिल्या एकदोन दिवसांत होतो. नसेला सूज आणणाऱ्या मॉग आणि एक्यूपी-४ या अँटिबॉडींसाठीचं रक्तही आधीच काढून ठेवलेलं बरं. मात्र स्कॅनची तारीख मिळत नाही म्हणून औषध लांबवू नका. नजर थांबत नाही.

सरकारी दवाखान्यातून आला असाल तर महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला आधी विचारा. कागद पुढच्या खिडकीवर गेल्यावर विचारलं तर वेळ जातो.

आदल्या दिवशी

सहा-सात वर्षांखालची बहुतेक मुलं जागेपणी निपचित पडत नाहीत. त्यांना झोपेचं औषध किंवा भूल लागते. त्यासाठी पोट रिकामं हवं: जेवण, बिस्किट, गाईम्हशीचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. आमच्याकडे स्कॅन रद्द होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आजीने दिलेलं चहात बुडवलेलं एक बिस्किट. आजीला बाजूला घेऊन समजावून सांगा. पोटातलं अन्न भुलेत वर येऊन श्वासनलिकेत जातं, हे एकदा नीट कळलं की आजीच सगळ्यांवर पहारा ठेवते.

डोळ्यांचे थेंब मात्र चालू ठेवायचे. थेंबाने उपास मोडत नाही. प्रेडनिसोलोनचे थेंब नेहमीसारखेच बाटली हलवून घाला. तोंडावाटे स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने चुकवू नका, घोटभर पाण्याबरोबर द्यायची का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. बाहुली मोठी करणारे थेंब चालू असतील तर मुलाला उजेड सोसत नाही, टोपी किंवा गडद चष्मा आणा. आमचा वेटिंग हॉल ट्यूबलाइटांनी लखलखतो, त्याला माझा इलाज नाही.

झोपेचं औषध तोंडावाटे देणार असतील तर आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, आणि एसटीत किंवा गाडीत झोपू देऊ नका. येताना गाढ झोपलेलं पोर दारात पोहोचल्यावर टक्क जागं होतं आणि मग औषधाला दाद देत नाही.

मोठ्या मुलांची तयारी घरीच करा. मोबाइलवर एमआरआयचा आवाज सापडतो, तो मोठ्याने लावा आणि मुलाला पलंगाखाली दहा मिनिटं न हलता झोपायला सांगा. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून आम्ही कानात बोळे घालून वर हेडफोन देतो. ऑर्बिटच्या स्कॅनमध्ये बुबुळं फिरली तरी चित्र पुसट होतं. मुलाला नुसतं "डोळे हलवू नको" म्हटलं की तो हटकून हलवतो. त्यापेक्षा डोळे मिटून मामाच्या घरापर्यंतचा रस्ता आठवायला सांगा, कोणत्या वळणावर कोणतं दुकान. सगळं मिळून पाऊण तास धरून चाला.

काजळ, करगोटा आणि सेफ्टी पिन

चुंबकाच्या खोलीत शिरायच्या आधी आमचा टेक्निशियन मुलाला नखशिखांत तपासतो, आणि रोज काहीतरी निघतंच. कमरेचा करगोटा आणि त्यातला चांदीचा मणी. दंडावरचा ताईत, ज्यात नक्की काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं. पायातले वाळे. स्वेटरच्या आतल्या बाजूने लावलेली सेफ्टी पिन, तिला लिंबू-मिरचीचा दोरा. केसांतल्या चिमट्या. चांदी-सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण त्याची कडी, स्प्रिंग, आतला तुकडा लोखंडी असू शकतो, आणि धातू तापतोही. घरी काढून या. "दृष्टीचा आहे, काढायचा नाही" असं घरात कुणी म्हणत असेल तर तो हातरुमालात बांधून बाहेर मावशीच्या हातात द्या, स्कॅन झाला की लगेच परत बांधा. मी त्यावर वाद घालत नाही.

काजळाचं मात्र कडक आहे. काही काजळांत आणि सुरम्यात धातूचे कण असतात, आणि आपल्याला बघायची असते नेमकी तीच जागा. स्क्रीनवर काय होतं ते सांगते. डोळ्याच्या गोलाची पुढची कड सरळ यायच्या ऐवजी आत ओढल्यासारखी वाकडी होते, पापणीच्या जागी काळा डाग पडतो, आणि शेजारी एक पांढरी रेघ उमटते, जी खऱ्या आजाराची नसते. डोळा सुजलाय म्हणून घरचे अजून दोन बोटं काजळ घालतात. आदल्या दिवसापासून बंद करा आणि ओल्या कापसाने पापण्यांच्या मुळाशी पुसून घ्या. दातांना तारा लावल्या असतील तर आधी कळवा. वरच्या दातांच्या तारांची सावली खोबणीपर्यंत येते.

आणखी एक प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो, तो कंटाळवाणा वाटला तरी खरं उत्तर द्या. मुलाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का? कोल्हापूर-इचलकरंजी म्हणजे फौंड्री, लेथ आणि यंत्रमागांचा पट्टा. सुट्टीत बापाच्या किंवा काकाच्या वर्कशॉपमध्ये उभी राहणारी मुलं असतात. डोळ्यात अडकलेला बारीक कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर आधी खोबणीचा साधा एक्स-रे काढतात. डोळ्याचं किंवा दुसरं कोणतं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणा, आत काय बसवलंय ते त्यावर लिहिलेलं असतं.

जो पालक मुलाबरोबर आत येणार, त्याचीही हीच तपासणी. साडीच्या निऱ्यांची पिन, मंगळसूत्र, जोडवी, खिशातली सुटी नाणी, मोबाइल सगळं बाहेर. आई गरोदर असेल तर तिने आत थांबू नये, बाबांना किंवा आत्याला पाठवावं.

कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनाबद्दल

शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध, मुलाच्या वजनावर मोजून. जिथे सूज ताजी आहे तिथे ते झिरपतं आणि जागा पांढरी चमकते. जुनी सूज आणि नवी सूज वेगळी ओळखायची असेल तर ते लागतंच. आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, तपासून घ्या. डोळ्याला आणि किडनीला एकत्र सूज आणणारा टिनू नावाचा आजार मुलांतच जास्त दिसतो, त्यामुळे युव्हायटिसच्या मुलात हा आकडा बघणं निव्वळ औपचारिकता नसते.

२०१४ साली जपानमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की वारंवार गॅडोलिनियम घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश मागे राहतो. लिनिअर प्रकारच्या औषधांत हे जास्त होतं, मॅक्रोसायक्लिकमध्ये बरंच कमी. २०१७ साली युरोपने मेंदूच्या स्कॅनसाठी लिनिअर औषधं जवळजवळ बंदच केली. या अंशामुळे मुलांना काही इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी मुलाला पुढे अनेक स्कॅन लागणार असतील तर "मॅक्रोसायक्लिक वापरता ना?" असं विचारा, आणि दर वेळी कॉन्ट्रास्ट हवंच का, हेही.

रिपोर्ट आल्यावर

सगळे शेवटच्या 'इम्प्रेशन'वर उडी मारतात. आधी वरच्या दोन ओळी बघा: मुलाचं नाव-वय-बाजू बरोबर आहे का, आणि क्लिनिकल हिस्ट्रीत तुमची चिठ्ठीवरची ओळ उतरली आहे का. ती नसेल तर रिपोर्ट लिहिणाऱ्याने प्रश्न न वाचता उत्तर दिलंय. काउंटरवर सांगून तो पुन्हा वाचून घ्या, हा तुमचा हक्क आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला तर? "म्हणजे डोळ्यात काहीच नाही?" असं विचारून काही जण थेंब बंद करून मोकळे होतात. तसं अजिबात करू नका. डोळ्यातली सूज डोळ्याच्या डॉक्टरांच्या स्लिट लॅम्पवर आणि ओसीटी नावाच्या डोळ्याच्या स्कॅनवर दिसते, एमआरआयवर बहुधा दिसतच नाही. मेंदू साफ आहे, एवढाच या नॉर्मलचा अर्थ. डोळ्याचं औषध डोळ्याचे डॉक्टरच थांबवतील.

सगळ्यात जास्त घबराट 'व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटी' या शब्दांनी होते. म्हणजे फ्लेअर नावाच्या चित्रात मेंदूच्या पांढऱ्या भागात उजळ ठिपके. ते किती आहेत यापेक्षा कुठे आहेत आणि कसे आहेत, याला महत्त्व. 'पेरिट्रायगोनल' किंवा 'टर्मिनल झोन' असं लिहिलं असेल, दोन्हीकडे सारखं, कडा पुसट, तर ते वाढत्या मेंदूचं नेहमीचं चित्र आहे. नसांवरचं मायलिनचं वेष्टण तिथे सगळ्यांत शेवटी चढतं, विशीपर्यंतही ती जागा उजळ दिसू शकते. 'नॉन-स्पेसिफिक' म्हणून एखाददुसरा बारीक ठिपका लिहिला असेल तर त्यावरून कुणी एमएस म्हणत नाही.

एमएसचे डाग जागा धरून बसतात. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) चिकटून, मागच्या लहान मेंदूत किंवा ब्रेनस्टेममध्ये, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत. बाजूने घेतलेल्या फ्लेअरच्या कापात मी कॉर्पस कॅलोसमची, म्हणजे मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या पट्ट्याची, खालची कड नजरेने हळूहळू चाळते. तिथून लांबट अंडाकृती डाग पोकळीशी काटकोनात वर उभे असले की मी थांबते. एडिनबरोच्या जेम्स डॉसनने १९१६ साली त्यांचं बारकाईने वर्णन केलं, म्हणून आजही आम्ही त्यांना डॉसनची बोटं म्हणतो. रिपोर्टमध्ये हे नाव दिसलं तर अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन न्यूरॉलॉजिस्टशी बोलल्याशिवाय घेऊ नका. एमएस ठरवण्याच्या २०२४ च्या सुधारित मॅकडोनाल्ड निकषांत ऑप्टिक नर्व्हलाही एमएसची एक जागा म्हणून धरलंय, त्यामुळे नसेचा नीट काढलेला स्कॅन आता पूर्वीपेक्षा जास्त कामाचा.

मुलांमध्ये, खास करून लहान मुलांत, मॉग अँटिबॉडीचा आजार एमएसपेक्षा वेगळा दिसतो. डाग मोठे, कडा विरलेल्या, कापसाच्या बोळ्यांसारखे, बरेचदा थॅलॅमससारख्या खोल भागातही. नस लांबवर सुजलेली, वळणं घेतलेली, पुढच्या भागात जास्त, आणि तिच्या भोवतीचं आवरणही चमकतं. दोन्ही डोळे एकदम. चित्र बघून घाबरायला होतं, पण मॉगचे डाग पुढच्या स्कॅनमध्ये बरेचदा पुसून गेलेले असतात, एमएसचे सहसा मागे राहतात. २०२३ साली मॉगच्या आजाराचे निकष ठरले, त्यात रक्ताची सेल-बेस्ड तपासणी मुख्य. सूज नसेच्या मागच्या भागात, दोन नसा जिथे एकत्र येतात त्या कायाझ्मापर्यंत असेल, तर २००४ साली सापडलेल्या एनएमओच्या (नस आणि मज्जारज्जूला सूज आणणाऱ्या आजाराच्या) अँटिबॉडीची, म्हणजे एक्यूपी-४ ची शंका वाढते. हे तिन्ही आजार वेगळे आणि त्यांची कायमची औषधंही वेगळी. एमएसची काही औषधं एनएमओत उलटतात. म्हणून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थोडं थांबायला सांगितलं तर त्यात चालढकल नसते.

आपल्या भागात आणखी एक शब्द वारंवार येतो: 'रिंग एन्हान्सिंग लिजन', म्हणजे कडेने चमकणारी गोल गाठ. लहान, दोन सेंटिमीटरच्या आतली, आत एका बाजूला टिंब दिसत असेल तर बहुधा फीतकृमीची अळी. मोठी, वेडीवाकडी, जुळ्या-तिळ्या चिकटलेल्या असतील तर टीबीची गाठ. मेंदूच्या तळाशी आवरण जाड होऊन चमकत असेल, 'बेसल मेनिन्जियल एन्हान्समेंट', तर टीबी आणि सार्कॉइड दोन्ही डोक्यात येतात. आपल्याकडे टीबी आधी तपासतात आणि ते योग्यच आहे, कारण टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर आग भडकते.

बाकी बारीकसारीक: पायनिअल सिस्ट, लहान अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, मोठी सिस्टर्ना मॅग्ना, वाढलेले अ‍ॅडेनॉइड, सायनसमध्ये थोडी सूज. हे आम्ही दिसलं म्हणून लिहितो. बहुतेक वेळा त्याचा डोळ्याशी काही संबंध नसतो. आणि शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' असं असतं. खरं सांगायचं तर ते कधी मनापासून असतं, कधी सवयीने.

'एम्प्टी सेला', 'ऑप्टिक नर्व्ह शीथ रुंद', 'डोळ्याची मागची बाजू चपटी' हे तीन एकत्र दिसले तर मात्र विचारा. डोक्यातला दाब वाढल्याची ती खूण असू शकते, आणि स्टिरॉइड झपाट्याने कमी करताना तो कधी कधी वाढतो.

स्कॅनची वाट बघत बसायचं नाही असेही प्रसंग आहेत: सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, फीट, सुस्ती, एकाचे दोन दिसणं, हातापायात जोर न राहणं, लघवी अडकणं, नजर एकाएकी जाणं. रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा.

पुढच्या वेळेसाठी

सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. फिल्मवरची चित्रं नखाएवढी असतात, त्यावरून तीन मिलिमीटरचा डाग कुणी ताडू शकत नाही, आणि फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तर कुणाच्याच कामाचा नाही. सीडीच्या पाकिटावर पेनने लिहून ठेवा: स्कॅनची तारीख, त्या दिवशी चालू असलेली औषधं, स्टिरॉइड सुरू झाल्याची तारीख, शेवटचा झटका कधी. ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने वाकते.

पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर करा. मशीन बदललं की कापांची जाडी बदलते, आणि जुना डाग नवा वाटतो किंवा नवा नजरेतून सुटतो. गाव बदललं असेल, मूल आजोळी पुण्याला असेल, तर जुनी सीडी तिथल्या काउंटरवर स्कॅनच्या आधी द्या. रिपोर्ट घेताना एकच विचारा, "जुन्या सीडीशी ताडून लिहिलंय ना?" नसेल तर परत वाचायला द्या. ताडून पाहायला फार तर पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ आमच्याकडे असतो.